चाचींची न्हाणी

चाची फरशी डोळ्यांनी बघत नसत. दुकानात यायच्या, मांडून ठेवलेल्या फरश्यांपुढं उभ्या राहायच्या, डोळे गच्च मिटायच्या आणि नुसता तळवा फिरवायच्या. एका फरशीवर, मग दुसरीवर, मग पुन्हा पहिलीवर. नवीन गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडं बघायचं, मग माझ्याकडं. मी काही सांगायच्या आत चाचीच डोळे न उघडता म्हणायच्या, "हात लावून बघ की बाबा. डोळ्याला काय, सगळंच चांगलं दिसतंय."

येरमाळ्याजवळच्या आमच्या वाशीत माझं फरशीचं आणि नळ-सॅनिटरीचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या गल्लीत चाचींचं घर. दोन खोल्या, पुढं थोडं अंगण आणि आतल्या खोलीला लागून चार बाय पाचची न्हाणी. चाची वाकळा शिवायच्या. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे शर्ट, काय मिळेल ते जोडून. मी ज्या वाकळेवर लहानाचा मोठा झालो ती त्यांनीच माझ्या आईला शिवून दिलेली. त्यामुळं मी पन्नाशीला आलो तरी त्यांच्या लेखी 'बाबा'च होतो.

चाचा एसटीत ड्रायव्हर होते. वाशी-सोलापूर गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की रस्त्यातली वळणं त्यांना झोपेतही पाठ. रिटायर झाले आणि साखरेनं डोळे घेतले. आधी अंधुक, मग नुसता उजेड, मग तोही नाही. कुणी हळहळलं की ते म्हणायचे, "दिवे गेले. इंजन चांगलं हाय अजून." सगळे हसायचे. चाची हसत नसत.

मग एका सकाळी चाचा न्हाणीत पडले. खाली जुना सिमेंटचा कोबा, शेवाळ धरलेला. मनगटाचं हाड मोडलं, ते दीड महिन्यात सांधलंही. पण आत काहीतरी मोडलं ते राहिलं. एकट्यानं न्हाणीत पाऊल टाकायचे नाहीत. चाचींनी हाताला धरून न्यायचं, पाटावर बसवायचं, आंघोळ घालायची. पन्नास माणसं मागं बसवून घाट उतरलेला माणूस हा.

एकदा त्यांच्याकडं नळ बदलायला गेलो होतो, तेव्हा न्हाणीच्या दारातून चाचांचा आवाज आला. "मरे बाद नहलातेच हैं ना लोगां. जीते जी कायकू नहलाती?" मेल्यावर आंघोळ घालतातच की, जिवंतपणी कशाला घालतेस? आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी पाना पिशवीत टाकला आणि नंतर येतो म्हणून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी चाची दुकानात.

"फुटक्या फरश्यांचं तू काय करतूस?"

"काय करणार? मागं ढीग पडलाय. कुणाचा भराव असला की देतो."

"मला दे."

मी म्हणालो, "चाची, तुकडे कशाला? चांगली पेटी घ्या, पैशाचं बघू नंतर. मिस्त्रीपण पाठवतो. जरा सणवार उरकू द्या, आत्ता एकही मिस्त्री मोकळा नाही."

"सणवार उरकेपर्यंत न्हाय थांबायचं मला."

"एवढी घाई काय आहे?"

त्यांनी सोबत आणलेली पाटी खाली ठेवली आणि ढिगातून तुकडे वेचायला बसल्या. घाई काय आहे, हे मी त्यांना हसत विचारलं होतं.

तुकड्यांतून वस्तू करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना तुकडा तुकडा वाटतच नाही. चाची फरशीच्या कपच्या घेऊन जायच्या, पकडीनं टोकं मोडायच्या, मग दगडावर घासून घासून धार घालवायच्या. प्रत्येक कडेवरून बोट फिरवायच्या. मी त्यांना फरशी चिकटवायचं केमिकल कसं कालवायचं, दातेरी पत्र्यानं कसं पसरायचं, सांध्यात पांढरं सिमेंट भरून ते वाळायच्या आत ओल्या स्पंजनं कसं पुसायचं ते दाखवलं. हातमोजे दिले तर म्हणाल्या, "ह्यात बोटाला काय कळतंय?" आणि दुधाच्या पिशव्या कापून बोटांची टोकं मोकळी ठेवून हाताला बांधल्या.

पहिल्या दिवशी केमिकल पातळ झालं. सकाळपर्यंत अर्धी भिंत खाली. मला वाटलं, आता सोडतील. त्या दुकानात आल्या त्या हसतच. "पहिल्या वाकळंचे टाके बी असेच उसवले हुते."

खालच्या कोब्यावर त्यांनी पार्किंगच्या खरखरीत फरशीचे तुकडे बसवले. उतार बरोबर आला की नाही ते बघायला तांब्याभर पाणी ओतायच्या. पाणी कोपऱ्यात थांबलं की तेवढी जागा उकरायची, पुन्हा बसवायची. भंगारातला एक पाइप आणला. तो धरायची दांडी म्हणून मी ड्रिलनं भोकं पाडून भिंतीला बसवून दिला. लोखंड थंडीत हाताला गार लागतं आणि ओल्या हातातून निसटतं, म्हणून चाचींनी त्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. साबण जाळीच्या पिशवीत घालून पाइपला बांधला. हातातून सुटला तरी लोंबकळत राहणार, खाली शोधायला नको. खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यात पुदिना लावला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "वास आला की कळंल खिडकी कुठं हाय. डोकं आपटणार न्हाय."

आणि एक दिवस बघतो तर भिंतीच्या वरच्या अंगाला पिवळ्या-हिरव्या तुकड्यांची फुलं. पाच पाकळ्यांची, देठ असलेली. वाकळेच्या कोपऱ्यात त्या काढायच्या तशीच.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचांना कुठं दिसणार, चाची?"

त्यांचा हात थांबला.

"त्यास्नी दिसत न्हाय. मला दिसतंय न्हवं? आन् आंधळ्याच्या घरात फुलं लावू नये असं कुठं लिवलंय?"

चूक माझीच होती.

कॉटपासून न्हाणीच्या नळापर्यंत, कमरेच्या उंचीवर, त्यांनी भिंतीला वीतभर रुंदीचा पट्टा केला होता. कॉटपाशी गुळगुळीत मार्बल, पुढं मांजरा नदीच्या पात्रातले बारके गोटे, मग उभ्या रेघांच्या कपच्या, मग खरखरीत, असं बदलत जाणारं. चाचांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. "नक्को वो, मेरेकू नै जमता," म्हणायचे. पण एकदा त्यांचा हात गोट्यांवरून गेला आणि ते थांबले. पुन्हा मागं नेला, पुन्हा पुढं.

"ह्यो तेरखेड्याचा रस्ता हाय," ते म्हणाले. "आधी असाच हुता. गचके गचके."

झालं. त्या दिवसापासून भिंतीवर गावं वसली. कॉट म्हणजे वाशी. गोटे म्हणजे तेरखेडा. न्हाणीचा उंबरा आला की चाचा मोठ्यानं म्हणायचे, "येरमाळाऽ! येडाईदेवीवाले उतरा!" पाइपची दांडी म्हणजे येडशीचा घाट. बादली तुळजापूर, साबण तामलवाडी आणि नळ म्हणजे सोलापूर. चाची पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलेलं मी ऐकत होतो.

माझीही परीक्षा झाली. चाचींनी माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि म्हणाल्या, चल, नळ गाठ. मी भिंत धरून निघालो, येरमाळा ओलांडलं आणि धाडकन गुडघा बादलीवर आपटला. पाणी सांडलं. "घाटात घातली की रं गाडी!" चाचा बाहेरून ओरडले. चाची हसल्या, पण हसता हसता तिथंच वाकून बसल्या आणि बादली जिथं असायला हवी तिथं बोटानं खूण केली. दोन दिवसांत तिथं फरशीच्या तुकड्यांचं गोल कडं तयार झालं. बादली त्यात बसली की हलत नव्हती.

पाऊस ओसरत आला होता. एका दुपारी चाची पांढरं सिमेंट न्यायला आल्या आणि दुकानात शिरताच सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. चेहरा पार उतरलेला. मी पाणी दिलं. म्हणालो, "उद्या मिस्त्री पाठवतो. तुम्ही आता हात लावायचा नाही."

त्यांनी दोन घोट घेतले. इकडंतिकडं बघितलं. मग अगदी साध्या आवाजात सांगितलं, "बार्शीला जाऊन आले बाबा, मागंच. पोटात गाठ हाय. पसरली म्हणतेत."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"ह्यांना सांगायचं न्हाय. लातूरच्या पोरीला सांगीन म्या, टाइम आला की."

"म्हणजे हे सगळं तुम्ही…"

"मग काय? फुलं लावायची हौस आली हुती व्हय मला?" त्या उठल्या, सिमेंटची पिशवी उचलायला गेल्या, ती उचलली नाही. पुन्हा बसल्या. आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "हौस बी हुतीच म्हणा."

त्या दिवशी मी भरदुपारी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर न्हाणीत गेलो. आयुष्यभर फरशी विकली, पण सांधा कधी भरला नव्हता. चाची पाटावर बसून सांगत होत्या आणि मी भरत होतो. मी पुसलेल्या प्रत्येक सांध्यावरून त्यांचं बोट जायचं. दोनदा त्यांनी मला पुन्हा पुसायला लावलं.

शेवटी राहिली कडी. शेजारचे म्हणाले, आंधळ्या माणसाच्या न्हाणीला आतून कडी कशाला? काही झालं तर? चाचींनी ऐकलं नाही. "कडी पायजेच. माणसाला कडी लागती."

चाचा पहिल्यांदा एकटे आंघोळीला गेले त्या सकाळी मी तिथं होतो. खांद्यावर टॉवेल टाकून, भिंतीला हात लावून ते निघाले. गावांची नावं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. आतून कडी लागली. चाची चुलीपुढच्या स्टुलावर बसल्या. पाण्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग बराच वेळ काहीच नाही. चाची उठल्या, दारापर्यंत गेल्या, हात वर केला. पण दार वाजवलं नाही. हात तसाच वर ठेवून उभ्या राहिल्या.

कडी निघाली. चाचा बाहेर आले. सदऱ्याचं एक बटण वरखाली, आणि उजव्या कानामागं पांढरा फेस. चाचींचा हात आपोआप त्या कानाकडं गेला. मध्येच त्यांनी तो मागं घेतला.

"कानामागं साबण राहिलाय," त्या म्हणाल्या. "परत जा."

चाचा वळले. भिंत धरून पुन्हा गेले. पुन्हा कडी लागली, तेव्हा कुठं चाची खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. आवाज होऊ दिला नाही.

हुरड्याच्या दिवसांत चाची गेल्या. शेवटचे तीन आठवडे अंथरुणावर होत्या. लातूरहून लेक आली होती.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं. बायकांनी चाचींना आंघोळ घातली. चाचांनाही जनाज्याआधी आंघोळ करायची होती. जावयानं त्यांचा दंड धरला, आणखी दोघं पुढं आले. कुणी म्हणालं, गरम पाणी काढा, पाट मांडा. चाचांनी दंड सोडवून घेतला. एवढ्या माणसांतून भिंतीपर्यंत गेले, हात टेकवला आणि चालू लागले. सगळे बाजूला झाले. कडी लागली. आम्ही अंगणात उभे होतो. आतून फक्त तांब्याचा आवाज येत होता.

ते बाहेर आले तेव्हा पांढरे कपडे नीट होते. टोपी सरळ होती. मी मुद्दाम कानामागं बघितलं. काही राहिलं नव्हतं.

चाळिसावा झाल्यावर लेक त्यांना लातूरला न्यायला आली. सामान बांधत होती. मी भेटायला गेलो, तर चाचा अंगणात उन्हाला बसले होते. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग ते म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय, चाचा?"

"तिचं दुखणं. तिला वाटायचं, ह्यास्नी काय दिसतंय? आरं, रोज हाताला धरून न्यायची मला. हात हलका हलका होत गेला. बांगड्या पार कोपरापातूर सरकायच्या, वाजायच्या. मी बोललो न्हाय. ती लपवतीया, तर लपवू द्यावं."

आत लेक भांडी गोणीत भरत होती. त्यांनी आवाज खाली घेतला.

"मला कवाच एकट्यानं आंघोळ करायची न्हवती बाबा. भिंत तिनं लई चांगली केली. पर भिंत ती भिंत. मरे बाद नहलातेच म्हणून मी चिडायचो, ते वरवरचं हुतं. तिचा हात पाठीवर असला की मला बरं वाटायचं. पर ती घाईत हुती. म्हणून शिकलो. लवकर शिकलो. तिनं बघून जावं म्हणून."

चाचांनी हात पुढं केला. मला वाटलं, उठायला आधार हवा असेल, म्हणून मी तो धरला. त्यांनी थोडा वेळ धरू दिला. मग हळूच सोडवून घेतला.

"जड हाय तुझा," ते म्हणाले.