ताईच्या हळदीची डावी कड

मंडळी, आज माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राह्यली.

ताईच्या हळदीची जुनी कॅसेट आज कॉम्प्युटरवर साफ करत होती. कापूस मातीमोल गेला त्या सालची, बाभुळगावची. डाव्या कडेला नुसत्या रेघा होत्या, म्हणून तेवढी पट्टी कापली, घरच्या ग्रुपवर 'ताईची हळद टाकते' म्हणून कळवलं अन् व्हिडिओ चढवायले लावला.

अर्धा चढला अन् काकूचा फोन. "मी दिसते काय वं त्यात?"

घाईनं अपलोड थांबवलं. कापलेली पट्टी पाहिली. रेघांमागं काकू उभी, खांबाला धरून. काका जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हळद लावायले तिले कोणी बोलावलंच नाही.

तेव्हा आम्ही तिले कडेला ठेवलं, आज मी कापूनच टाकत होती!

व्हिडिओ रेघांसकट टाकला आहे. तुमच्या घरच्या कॅसेटीत कडेला कोण उभं आहे?