जुना संच बंद व्हावा म्हणून

वीज केंद्रातला एखादा जुना संच बंद पडावा म्हणून कळंबच्या चिंतामणीला नवस बोललेली बाई आमच्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. देवही चक्रावला असेल. लोक मूलबाळ मागतात, नोकरी मागतात, आणि ही बया म्हणते, सरकारी बॉयलर विझू दे.

कारण साधं होतं. माझा नवरा त्या संचावर ऑपरेटर आहे. केंद्र नदीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. आमचं गाव केळापूरच्या बाजूला. सासूबाई शेत सोडून तिकडच्या क्वार्टरमध्ये यायला तयार नाहीत आणि त्यांना एकटं टाकून मला जाववत नाही. म्हणून लग्नापासून आमचा संसार पंधरवड्यातल्या सुट्टीवर चाललाय. वणीला बस बदलून तो येतो, अंगणात चहा पितो, सासूबाईंची औषधं बघतो. माझ्याशी जरा नीट बोलायला बसतो तोवर परतीच्या बसची वेळ होते. उन्हाळ्यात तर तेवढंही नाही. गावोगावी कूलर सुरू झाले की त्याची रजा रद्द. शेजारणीच्या कूलरची घरघर ऐकून मला तिचाच राग यायचा. तिचा बिचारीचा काय दोष!

मग पेपरात बातम्या येऊ लागल्या. हवेत कार्बन फार चाललाय, जुन्या वीज केंद्रांवर नियम येणार, म्हातारे संच बंद करणार. मी त्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवायची. कार्बन म्हणजे काय ते त्यांना कळायचं नाही, मलाही अर्धवटच. पण पोरगा घरी येणार, एवढं दोघींना कळायचं. तो इथे राहील, शेत बघेल, संध्याकाळी आम्ही समोरासमोर ताटं घेऊन बसू. माझं स्वप्न एवढंच. फोनवर विचारायची, "कधी बंद होते तुमचा सेट?" तो हसायचा. "होईन, होईन." उन्हाळा आला की विजेची मागणी वाढायची आणि संचाला मुदतवाढ मिळायची. मी पेपर भिरकावून द्यायची.

कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटचा वेचा संपला, की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून अंगणाच्या कडेला रचायच्या आणि वर्षभर त्यांच्यावर आंघोळीचं पाणी तापवायचं, ही आमच्याकडची रीत. गॅस आल्यापासून ढीग उरू लागला, त्यात विंचू निघू लागले. मागच्या वर्षी एका कारखान्याची गाडी पऱ्हाट्या न्यायला गावात आली, तेव्हा मी खुशीने सगळा ढीग देऊन टाकला. कुठे नेता, काय करता, काही विचारलं नाही.

पुढे एकदा त्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"कोळशासंगं पऱ्हाट्या दळून केलेल्या गोळ्या जाळून राह्यलो आमी. नियमच आला तसा, कार्बन कमी कराले. आज पोतं फोडलं तं आपल्या आंगणाचा वास आला पाह्य!"

"मंग सेट नाही का बंद होत?"

"गोळ्या भेटत राह्यल्या तं चालन अजून."

मी फोन ठेवला आणि रडले. ज्याला विझवायला देवाच्या पाया पडले, त्यात आपल्याच हाताने सरपण घातलं.

या वर्षी गाडी पुन्हा दारात आली. मी आडवीच उभी राहिले. "नाही देत जी."

"काहून बाई? गेल्या साली तं दिल्या," ड्रायव्हर म्हणाला.

मी त्याच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, पऱ्हाट्या देऊ का नको? मला वाटलं, तो नकोच म्हणेल. त्याच्या मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"देऊन टाक," तो म्हणाला. "सेट बंद झाला तं मले घरी कोन धाडते? बदली करतीन. नाशिककडं, नाही तं अजून दूर. मंग दिवाळीलेच भेट आपली."

"इतके वर्स काहून नाही सांगतलं?"

"त्या बातम्या वाचून तू किती खुश होत जाय. मले बी आयकाले बरं वाटे."

मला त्याचा संताप आला. आणि तो आत्ता, या क्षणी, या अंगणात असावा असंही फार वाटलं. पंधरवड्यातली ती एक सुट्टी मी कमी समजत होते. तीही जाऊ शकते, हे कधी मनात आलंच नव्हतं.

फोन ठेवून मी पदर खोचला, ड्रायव्हरला गाडी अंगणापर्यंत मागे घ्यायला लावली आणि पहिला भारा स्वतः उचलून आत टाकला. ढीग झपाट्याने उतरू लागला तशा सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "अवं, तो आला म्हंजे त्याच्या पान्यापुरत्या तं ठेव!"

मी एकही काडी ठेवली नाही.