मला कामावरून काढलं तो दिवस

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागाचा प्रमुख होतो. तिथला मॅनेजर माझ्याच हाताखाली तयार झालेला. एका रविवारी तो रहिमतपूरला माझ्या घरी आला आणि बसायच्या आधीच बोलला.

"दादा, तुमच्या आरडाओरड्यामुळं तीन मुली काम सोडून गेल्या. दोनदा सांगून बघितलं. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मला लय राग आला. "बावीस वर्षं काढली मी तिथं!"

"म्हणून तर नुसतं पत्र न धाडता स्वतः आलोय," तो म्हणाला आणि चहालाही न थांबता निघाला.

तो गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "घरातबी तुमी असंच बोलता," ती हळूच म्हणाली. एरवी मी तिच्यावर खेकसलो असतो. त्या दिवशी तिचं ऐकून घेतलं.

पुढं मी त्या तिन्ही मुलींच्या घरी माफी मागायला गेलो. दोघींनी ऐकून घेतलं. तिसरीनं दार उघडलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं. घरातला आरडाओरडाही सोडला. आता सूनबाई माझ्याशी मोकळेपणानं बोलते, कधी माझी चूकही दाखवते. त्या मॅनेजरचे माझ्यावर फार उपकार आहेत. मला घाबरत होता, तरी तोंडावर खरं सांगायला आला.