वहिनीचा डबा पांढरकवड्याला होता

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या बसस्टँडवर उभी होते आणि माझ्या हातात, कागदावर, गरम आलुबोंडा होता. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. अशा वेळी हातातला घास गळून पडला असं लिहायची पद्धत आहे. माझा पडला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शेजारच्या बाकावरची बाई मला मिरची लागली असं समजून पाण्याची बाटली पुढे करत होती, आणि मी तो बोंडा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. टाकून दिला असता तर कुंदावहिनीनं मला उद्या वर गेल्यावरही दारात उभं केलं नसतं.

कुंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, मिलिंदची आई. माहेर पुसदचं. लग्न होऊन यवतमाळला आमच्या घरी आली. आमचं घर नोकरदारांचं. वडील कचेरीत, दादा कचेरीत, मी शाळेत. पण आईच्या एका नियमापुढे कचेरीचे सगळे नियम फिके होते. घराबाहेर पाऊल टाकायचं तर डबा घेऊन, आणि बाहेरच्या कशालाही तोंड लावायचं नाही. प्रवास तासाभराचा असो की काशीचा, दशम्या, मेथीचे पराठे आणि तिळाची चटणी ठरलेली. परत आल्यावर आई झाकण उघडून बघायची. डब्यात काही उरलं असेल तर तो तिला स्वतःचा अपमान वाटायचा. वहिनी हा नियम वर्षानुवर्षं पाळत राहिली. डबा नेहमी नेला, नेहमी रिकामा करून आणला. फक्त तो खाल्ला तिनं नाही.

हे मला कळलं ते बोरी अरबला. वहिनीबरोबर मी पहिल्यांदाच पुसदला निघाले होते आणि बस तिथेच नादुरुस्त होऊन बसली. बाजाराचा दिवस होता. निंबाच्या झाडाखाली एक बाई मुगाचे वडे तळत होती. वहिनी थेट तिच्यापुढे जाऊन उकिडवी बसली.

"जेवल्या का हो बाई?"

"कुठचं जेवन! सकायपासून तयून राह्यली. पोटात नुसता चहा हाये. या वासानं तं भूकच मरते."

वहिनीनं पिशवीतून डबा काढला. "मग हे घ्या, घरचं हाये. अन् मले तुमचे वडे द्या." त्या बाईनं आधी वहिनीकडे पाहिलं, मग पराठ्यांकडे, आणि कढईखालचा जाळ कमी करून ती खरंच जेवायला बसली. मी थक्क होऊन उभी. वहिनी म्हणाली, "पाहून काय राहिली? खाऊन पाह्य!" वरून कुरकुरीत, आत हिरव्या मिरचीचा ठसका आणि भरडलेले धणे... मी आजवर जे जेवत आले होते त्याला फक्त जेवण म्हणतात, हे मला तिथे समजलं.

बाईनं डबा धुऊन परत दिला आणि रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात चार वडे घातले. वहिनीला नाही म्हणता येईना. बस काही दुरुस्त झाली नाही; संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा आईनं झाकण उघडलं. तिनं वडे बघितले, वहिनीला बघितलं, मला बघितलं, आणि डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. सकाळी तो घासूनपुसून फळीवर पालथा होता. वड्यांचं काय झालं, हे आई शेवटपर्यंत बोलली नाही.

पुढे दादाला कचेरीतून मिळणाऱ्या एलटीसीच्या प्रवासभत्त्यावर आम्ही पुष्कळ हिंडलो. दादा देवळाच्या रांगेत आणि वहिनी देवळाबाहेरच्या हातगाडीवर, अशी त्यांची वाटणी होती. भाषेचं तिचं कुठे अडलं नाही. डबा पुढे करायचा आणि पोटाकडे बोट दाखवायचं. इंदूरला पोह्यांबरोबर जिलबी आली तेव्हा मी नाक मुरडलं. ती म्हणाली, "काहून? आपण पोह्यावर तर्री ओततो, ते त्यायले कसं वाटत असन?" कटकला दह्यात बुडवलेले वडे आणि वर आलूची झणझणीत भाजी खाऊन ती गाडीवाल्याला चक्क नमस्कार करून आली. त्यानं आमची तिळाची चटणी बोटानं चाटली आणि शेजारच्या गाडीवाल्यालाही बोलावलं. देऊळ कोणतं होतं ते मला आज आठवत नाही. ते दोघं चटणी चाटताना मात्र डोळ्यांपुढे लख्ख दिसतात.

दादा गेल्यावर लांबचे प्रवास थांबले, तरी वहिनी थांबली नाही. अधूनमधून एकटीच पांढरकवड्याला जायची; एकदोनदा मलाही घेऊन गेली. हैदराबादकडून येणारे ट्रक जिथे थांबतात तिथे शेवंताबाईची गाडी आहे. उडदाचे वडे आणि शेंगदाण्याची पातळ चटणी; चव तिकडची, हात इकडचा. दोघींची गट्टी इतकी की डबा कधी कधी मुक्कामाला राहायचा.

तर अशा बाईच्या तेराव्याला आमच्याकडे काय बोललं गेलं, ते ऐका. "जिभेनं घात केला हो." "स्टँडवरचं तेल, दुसरं काय!" तिच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापापासून अधू होती, हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो! आणि मग मिलिंद उठला. हात जोडून म्हणाला, "आईच्या आठवणीसाठी मी आजपासून बाहेरचं खाणं कायमचं सोडतो." माना डोलल्या. एका मावशींनी डोळे पुसले. गेलेल्या माणसासाठी काहीतरी सोडायची आपल्याकडे रीत आहे, आणि मिलिंदचं आईवर प्रेम होतं, हेही मला ठाऊक आहे. पण तिचं आयुष्यभराचं सुख तिच्याच तेराव्याला गुन्हा ठरत होतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले. म्हटलं, "कुंदावहिनी जिभेनं मेली नाही. जिभेनं जगली. ज्याला हे पटत नसेल त्यानं माझ्याकडे बघून बोलावं." एक काका उगाच खोकले.

नंतर आवराआवर करताना सूनबाई म्हणाली, आईंचा डबा कुठेच सापडत नाही. तो कुठे असणार, हे मला ठाऊक होतं. मी पांढरकवड्याची बस पकडली.

शेवंताबाईनं मला ओळखलं. "बाई काहून नाई आल्या?" मी सांगितलं. झारा कढईत तसाच ठेवून ती खाली बसली आणि गाडीखालच्या पेटीतून तिनं डबा काढला, लखलखीत घासलेला. "रिकामा कसा धाडू, म्हणून ठेवला होता. बाई येतीन तवा गरम भरून देतो म्हणलं." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नवा घाणा काढला. डब्याचं झाकण बसेना इतका तिनं तो भरला.

घरी आल्यावर मी तो मिलिंदपुढे ठेवला. त्यानं झाकण उघडलं. वास ओळखीचा असणार, कारण तो क्षणभर लहान दिसला.

"आत्या, मी सोडलंय गं."

"तुझ्या आईनं धरलं होतं."

"आठवणीसाठी काहीतरी सोडावं लागतं ना?"

त्यानं झाकण लावलं. मी आग्रह केला नाही. डबा पुढे ओढला आणि त्याच्यासमोर बसून गार झालेले वडे खाल्ले. मिलिंद उठून गेला नाही, एवढं सांगते.

पण त्याचं म्हणणं खरं आहे, काहीतरी सोडायला हवं. म्हणून मीही सोडलं आहे, आणि ते इथे चारचौघांत जाहीर करते. उद्या पुसदला निघाले आहे. वहिनीच्या डब्यात मेथीचे पराठे भरलेत, कोपऱ्यात तिळाची चटणी. त्यातला एक घासही मी खाणार नाही.