दोनदा मोजलेला भार

११ नोव्हेंबरला संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी चाचणीच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला घेतल्या.

प्रश्न साधा होता. एक बीम, म्हणजे आडवी तुळई; डावं टोक भिंतीत पक्कं, उजवं टोक नुसतं टेकलेलं, मध्ये हिंज, म्हणजे बिजागरीसारखा सांधा, आणि नेमका त्या हिंजवरच भार. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या, म्हणजे कापणाऱ्या आणि वाकवणाऱ्या जोराच्या, आकृत्या काढायच्या. वर्ध्याच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आले. हिंजपाशी बीमचे दोन तुकडे करायचे, तिथे मोमेंट शून्य धरायचा आणि भार कोणत्या तरी एकाच तुकड्याला द्यायचा. दोघांना दिला, की भिंतीपाशी सगळं दुप्पट येतं. आकृतीचा आकार मात्र तसाच राहतो, म्हणून चूक नजरेत भरत नाही.

आमच्याकडे पेपर काढणाऱ्यानं नमुना उत्तर लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासून सही करायची, अशी रीत आहे. हा पेपर माझ्या मैत्रिणीनं काढला होता. ती माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणते. नोकरीला लागली तेव्हा हा धडा मीच तिला फळ्यावर समजावला होता. बोरगाव मेघेहून रोज माझ्याच स्कूटीवर मागे बसून यायची.

तिच्या उत्तरात भार दोन्ही तुकड्यांवर होता. मी जास्तीच्या भाराभोवती पेन्सिलनं गोल केला.

"काऊन वं, एका भाराले जुळं झालं का?"

ती खूप हसली. "घाईत झालं, ताई. आत्ताच बदलते. तू सही करून ठेव ना, सर कवाचे मागून राह्यले."

मी सही केली.

तिनं काही बदललं नाही आणि त्याच उत्तरावरून पेपर तपासले. ज्यांनी बरोबर काढलं, त्यांचेच गुण गेले. अल्लीपूरहून एसटीनं येणारी एक मुलगी त्यात नापास झाली. ती आपली आकृती घेऊन थेट विभागप्रमुखांकडे गेली.

११ तारखेच्याच दुपारी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. समोर नमुना उत्तराची झेरॉक्स होती.

"हे असं कसं गेलं?"

मैत्रीण टेबलाकडे पाहत म्हणाली, "ताईनं तपासलं होतं, सर. सही हाये न खाली. मले वाटलं, बरोबरच असीन."

मी झेरॉक्स जवळ ओढली. माझी सही होती. पेन्सिलचा गोल नव्हता. म्हणजे तिनं खोडरबर घेतलं होतं आणि भार सोडून नेमका माझा गोल खोडला होता.

"मी गोल केला होता, सर," मी म्हटलं.

"इथं तर नाई दिसून राह्यला, मॅडम. पुढच्या सत्रात हा विषय दुसऱ्या कोणाले देऊ. तुमच्यावरही लोड जास्त होते."

सही माझी होती. पेपर मी परत तपासते, एवढंच बोलून बाहेर आले. ती व्हरांड्यात मागोमाग आली.

"ताई, माहं परमनंटचं अडकून हाये वं. तुले काय फरक पडते? तुही नोकरी पक्की हाये."

"गोल काऊन खोडला?"

ती जिन्याकडे वळली. मी स्टाफरूममध्ये जाऊन उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वळणावर उभी होती. मी स्कूटी थांबवली नाही. कॉलेजात जाऊन सुधारलेलं उत्तर आणि नवे गुण सरांच्या टेबलावर ठेवले. अल्लीपूरची मुलगी पास होती. सरांनी कागद खालपर्यंत पाहिला.

"तपासणाऱ्याची सही राह्यली, मॅडम. तिची घेऊन या."

"तुम्हीच तपासा, सर. भार कुठं दिला ते पाहून मगच सही करा."

मी पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.