आईच्या कमरेवरचा डाग

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. बाळापूरजवळच्या आमच्या गावी बायका नऊवारी लुगडं कमरेला असं आवळून नेसत, की दिवसभर वाकून कापूस वेचला तरी गाठ जागची हलू नये. माझी आईही तशीच नेसायची. त्या गाठीखाली तिची कातडी आधी पांढरी पडली, मग तिथं जखम झाली. वर्षानुवर्षं तिनं हे कुणाला कळू दिलं नाही.

मला कळलं ते लग्नानंतर माहेरी गेले तेव्हा, तिचं लुगडं धुताना. रक्ताचे डाग होते. माझं डोकंच फिरलं.

"मले सांगतलं काहून नाही, माय?"

"सांगतलं असतं तं लोकायनं कोड मनलं असतं. तुह्यं लगन कोनं केलं असतं?"

म्हणजे माझ्यापायी! आणि डाग दिसू नये म्हणून ही बाई गाठ आणखीच घट्ट मारत होती. मी तिला नाही नाही ते बोलले, आणि बोलता बोलता रडले. दुसऱ्या दिवशी मोटारीनं तिला अमरावतीला माझ्या घरी आणलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कातडीचा कॅन्सर आहे, एकाच जागी वर्षानुवर्षं घासून झालेला. तेवढा कापून काढता येईल. पण जांघेत एक गाठ सुजलेली लागली. रोग तिथवर गेला असेल तर अवघड आहे.

दोन्ही काढलं. गाठ तपासायला नागपूरला गेली. उत्तर येईस्तोवर मी रोज पोळ्या करपवल्या. आई मात्र निवांत खात होती, याचाही मला राग यायचा.

शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. "गाठीत रोग नाही. अंगातल्या पेशी रोगाशी लढत होत्या, म्हणून ती सुजली होती."

मी तिथंच बाकावर बसले. आईनं मात्र विचार केला.

"मंग काढून काहून टाकली जी? बिचारी माह्याच बाजूनं लढून राह्यली होती ना."

डॉक्टर हसले. "बाई, कापल्याशिवाय ते कळायची सोय नाही आमच्याकडे."

रोगाशी लढणाऱ्या त्या पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप धाडतात, आणि तसलीच प्रथिनं टोचून कातडीच्या काही कॅन्सरवर इलाज करतात, हे पुढं कित्येक वर्षांनी मी पेपरात वाचलं. मोठ्यानं वाचून आईला ऐकवलं. ती तेव्हा ऐंशीची होती.

"तवाच इचारलं होतं मी," ती म्हणाली.