पूर्ण एक मिनिट

बालरुग्ण विभागातल्या त्या सिस्टरना सगळे घड्याळमावशी म्हणत. छातीवरचं उलटं टांगलेलं घड्याळ हातात धरून, बाळाच्या पोटावर नजर ठेवून त्या श्वास मोजत. सव्वीस वर्षं हेच. दोन महिन्यांवरच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त भरले, की न्यूमोनियाचा संशय. कमी भरले, की बहुतेक वेळा औषध देऊन घरी.

दोन वर्षांपूर्वी तिथे संशोधन सुरू झालं. बाळाच्या पोटाला पट्टा बांधायचा, त्यातलं यंत्र श्वास टिपणार आणि पुढे डॉक्टर नसेल तिथेही न्यूमोनिया वेळेत ओळखणार. यंत्राला शिकवायला खात्रीचा आकडा हवा होता. तो घड्याळमावशींचा धरला. यंत्राचा आकडा मात्र त्यांना आधी दाखवायचा नाही.

त्या दुपारी संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई फाइल घेऊन आल्या.

"मावशी, अकराशे चाळीस बाळं मोजलीत. एकाचाही आकडा विषम कसा नाही?"

मावशींनी दाराकडे हात केला. "अर्धं मिनिट मोजते आणि दुप्पट करते. बाहेरची रांग बघता ना?"

"नियमात पूर्ण मिनिट आहे."

"नियम लिहिणाऱ्याने चुळबुळं बाळ मांडीवर घेतलं नसेल."

डॉक्टरबाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. "यंत्र तुमच्याकडूनच शिकतंय, मावशी. तुमची घाईसुद्धा शिकेल."

मावशींचं लक्ष फाइलमधल्या शेवटच्या ओळीवर खिळलं होतं. सकाळचं आठ महिन्यांचं बाळ. त्यांचा आकडा अठ्ठेचाळीस, यंत्राचा बावन्न. बाळ घरी गेलेलं.

"यंत्रही चुकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "परवा रडण्यालाच श्वास समजलं."

बाळाच्या आईला फोन लावला, तो लागेना. मावशी दोनदा बसल्या, दोनदा उठल्या. शेवटी फॉर्मवरचा पत्ता लिहून घेऊन निघाल्या. वाटेत पाय आपोआप भरभर पडत होते.

दार बाळाच्या आजीने उघडलं. "सकाळीच तर बरंय म्हणालात. आता पेशंट कमी पडले का?"

"माझंच मोजायचं राहिलंय, आजी. एक मिनिट द्या."

बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं. मावशींनी अंगडं वर सारलं. अर्ध्या मिनिटाला चोवीस भरले. सकाळचाच आकडा. इथेच त्या नेहमी थांबत. आज थांबल्या नाहीत. पुढच्या अर्ध्यात श्वास वाढले. एकूण एक्कावन्न.

खात्रीसाठी पुन्हा मोजले. पुन्हा एक्कावन्न.

"चला," त्या आईला म्हणाल्या. "दुपटं घ्या. चूक माझी आहे, रांगेत उभं करणार नाही."

विभागात डॉक्टरांनी बाळाची छाती तपासली, न्यूमोनिया सांगितला, औषध सुरू केलं. "वेळेत आणलंत," ते आजीला म्हणाले. आजीने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान खाली घातली.

डॉक्टरबाई खोलीत फाइल आवरत होत्या. "चला, सुटलो एकदाचे."

मावशी दारातच उभ्या राहिल्या. "मी अठ्ठेचाळीस लिहिलेली आणखी किती?"

डॉक्टरबाईंनी संगणकात पाहिलं. "एकोणीस. पण मावशी, त्यातली काही दोन वर्षांपूर्वीची आहेत."

"असू देत. सगळ्यांचे फोन काढा."

बाहेर रांगेतून कोणीतरी विचारलं, आज इतका वेळ का लागतोय. मावशींनी खुर्ची ओढली आणि पहिला नंबर फिरवला.